पटावरचे युद्ध



दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. मांडणी झाली की खेळ तिथेच थांबतो. हे मावळे चालवायचे कोणत्या नियमाने? पाश्चात्त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे व फासे घेऊन सैन्यासाठी युद्धखेळ सिद्ध केला. फासे अशासाठी, की रणांगणावर सेनापतीच्या हिशेबाबाहेरचेही घडते. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून, खेळण्यातल्या तोफेने ते पाडण्याचे नियम छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे बरे, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले!

१९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ काढले. आरंभी ते लाकडी पट करून विकत. पुढे धातूचे चिमुकले शिपाई ओतणारी जोडकंपनी निघाली. शिपाई खपायचे तर त्यांना लढाई हवी. म्हणून १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला. तो आज जगभर खेळला जातो.

आपल्या गावाला मात्र खरी लढाई ठाऊक आहे. १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस कारवाईत, भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल शाबूत हस्तगत केला आणि मग नळदुर्गावर चाल केली. पटावर असा पूल म्हणजे फळीचा तुकडा. त्याचे मोल खेळातूनही कळते. पण पटावर पडलेला शिपाई पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो, रणात पडलेला राहत नाही. मुलांना खेळ जरूर शिकवा. त्यासोबत हा फरकही शिकवा.