संप : शब्द लहान, अर्थ मोठा
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या वर्गाचा विषय 'संप' हा आहे. संपाची नोटीस, मतदान, कायदा हे सर्व पुढच्या तासाला होईल. त्याआधी आम्ही या शब्दाविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही भाषापंडित नव्हे, मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलेली माणसे. पण रेल्वे काय आणि टपाल काय, आपली खाती देशभर पसरलेली. निरनिराळ्या भाषांचे कामगार आपल्या संघटनेत एका सतरंजीवर बसतात, त्यामुळे त्यांचे शब्द आपोआप कानावर पडतात.

आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की संप म्हणजे संपणे, काम संपवणे. तसे नाही. बडोदा, सुरत, वलसाडकडे नोकरी केलेल्या मराठी कामगारांना विचारा. तिथे घरातले वडीलधारे मुलांना सांगतात, "संपथी रहेजो." म्हणजे मिळूनमिसळून राहा. 'संप त्यां जंप' अशी तिथे म्हणच आहे : जिथे एकी, तिथे शांती. आपल्याकडून नवीन गेलेला माणूस हे ऐकून चमकतो. काम बंद पडते त्याला गुजराती कामगार 'हडताळ' म्हणतो. शब्द एकच, गुजरातीत तो एकीसाठी राहिला, मराठीत एकी करून काम थांबवण्यासाठी रूढ झाला.

हडताळ किंवा हरताळ या शब्दात 'हट्ट' म्हणजे बाजार, दुकान आणि 'ताळा' म्हणजे कुलूप. दुकानाला कुलूप लावणे तो हरताळ. (आपण हरताळ फासतो तो निराळा; ते पोथीतली अक्षरे बुजवायचे पिवळे द्रव्य.) ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळ पुकारला. पुढे हा शब्द समुद्रापार गेला. १९५३च्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत तांदळाची किंमत वाढवल्यावरून मोठे आंदोलन झाले, तेही 'हरताळ' याच नावाने ओळखले जाते.

आता दक्षिणेत चला. तमिळ कामगार 'वेलै निऱुत्तम' म्हणतो. वेलै म्हणजे काम, निऱुत्तम म्हणजे थांबवणे. मल्याळी बांधव 'पणिमुडक्कु' म्हणतात, त्याचाही अर्थ काम अडवणे. बंगालीत मात्र 'धर्मघट' आहे. धर्म आणि घट. घट मांडून त्याच्यासमोर शपथ घ्यायची, त्यावरून हा शब्द आला असे सांगतात. म्हणजे तिथे काम थांबण्याआधीची शपथ शब्दात आली.

इंग्रजांचा 'स्ट्राइक' दर्यावर्दी आहे. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड उतरवणे याला त्यांच्या बोलीत स्ट्राइक म्हणत. शीड उतरले की जहाज जागचे हलत नाही. फ्रेंच लोक 'ग्रेव्ह' म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची वाळू. पॅरिसला सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता, तिथे मजूर कामाच्या शोधात उभे राहत. आपल्याकडे मजुरांचा नाका असतो, तसाच. ज्या नाक्यावर काम मागायला उभे राहायचे, त्याचेच नाव काम नाकारण्याला मिळाले. स्पॅनिश 'उएल्गा' विसावा घेणे यावरून आला. रशियन 'झाबास्तोव्का' इटालियन 'बास्ता'वरून आला. बास्ता म्हणजे पुरे. आपण 'बस्स झाले' म्हणतो, तसेच ते.

एवढे शब्द सांगण्याचे कारण काय? कोणी कुलूप पाहिले, कोणी शीड, कोणी विसावा. बहुतेक भाषांनी थांबलेल्या कामावरून नाव दिले. बंगालीने शपथ पाहिली, आणि आपला शब्द एकीचा आहे. काम थांबते ते नंतर. आधी माणसे एक होतात.

कायदासुद्धा हेच सांगतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या होती, ती २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आली आहे : कामगारांनी एकत्र येऊन, समान समजुतीने काम थांबवणे. संहितेने त्यात आणखी भर घातली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप. एकट्याने काम सोडले तर त्याला गैरहजेरी म्हणतात, संप म्हणत नाहीत.

इतिहास बघा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा संप केला. त्यात त्यांची स्वतःची मजुरी बुडत होती, तरी ते एक झाले. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढीसाठी हडताळ केली, तेव्हा ते रोज साबरमतीकाठी बाभळीखाली जमून प्रतिज्ञेची उजळणी करीत. ११ जुलै १९४६ रोजी टपाल कामगारांचा संप सुरू झाला आणि २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी सारे कलकत्ता बंद राहिले. ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला तो अनेक संघटनांनी मिळून समन्वय समिती केली म्हणून. तो २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. हजारो तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण १९७७ नंतर बडतर्फ कामगार परत घेतले गेले, आणि १९७९मध्ये रेल्वे कामगारांना बोनस मान्य झाला. काम थांबले ते वीस दिवस. एकी टिकली म्हणून पुढचे पदरात पडले.

आता आपल्याकडे पाहू. एकाच केबिनमध्ये दोघे ड्यूटी करतात. एक १ जानेवारी २००४च्या आधी लागलेला, त्याला जुनी पेन्शन. दुसरा नंतरचा, त्याच्या पगारातून पेन्शनसाठी कपात होते. शेजारी ठेकेदाराचा सफाई कामगार, त्याला दोन्ही नाही. टपालात कायम पोस्टमन आहे आणि त्याच पिशवीतली पत्रे खेड्यात पोचवणारा ग्रामीण डाक सेवक आहे. प्रत्येकाचे दुखणे वेगळे, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या सभेला जात नाही. सभेत मात्र तरुण मंडळी विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, संप कधी?" प्रश्न योग्य आहे. पण शेजारच्या माणसाची मागणी आपल्याला पाठ नसेल, तर ज्याची तारीख विचारता तो संप मराठीतला झाला. गुजरातीतला अजून व्हायचा आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या शाखासभेला येताना प्रत्येकाने आपल्या खात्याबाहेरचा एक जण बरोबर आणावा. रेल्वेवाल्याने टपालवाला आणावा, कायम कामगाराने कंत्राटी कामगार आणावा. त्याची मागणी आधी ऐकून घ्यावी, मग आपली सांगावी. नोटिशीचा मसुदा करायला एक संध्याकाळ लागते; या कामाला वर्ष लागेल. ते आजपासून सुरू करू.

कामगार एकजुटीचा विजय असो!