गाल बसले म्हणून गोळ्या सोडू नका

मागच्या बैठकीत एक ताई हळूच म्हणाली, "लग्नाला जायचं म्हटलं की जीव नको होतो. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या, पोटाला मात्र घट्ट. बाया तोंडाकडेच बघत बसतात."

ताई 2008 पासून एचआयव्हीच्या गोळ्या घेते. केळीच्या बागेत कामाला जाते, रिपोर्ट चांगले आहेत. पण गाल आत गेले, हातापायांच्या शिरा वर आल्या आणि पोट सुटलं. सासू म्हणाली, रोग वाढला. ताईने घाबरून महिनाभर गोळ्याच बंद केल्या होत्या!

रोग वाढला नव्हता. 1 एप्रिल 2004 ला सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात आपला महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. तेव्हा बऱ्याच जणींना स्टॅव्ह्युडिन हे औषध मिळायचं. त्याने पुष्कळ जीव वाचवले, हे आम्ही विसरत नाही. पण ते चरबीच्या पेशींनाच इजा करायचं. म्हणून गाल, दंड, मांड्या सुकायच्या. कुणाच्या पोटावर, छातीवर, मानेमागे चरबी साठायची. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं, मग आपल्याकडेही बंद झालं. गेलेली चरबी मात्र सावकाश भरते, आणि पूर्ण भरेलच असं नाही. खोटी आशा कशाला दाखवायची?

आता बहुतेकींना डोल्युटेग्राव्हिर असलेली रोजची एकच गोळी मिळते. तिने गाल बसत नाहीत, पण काहींचं वजन वाढतं. अंगात असा बदल दिसला तर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एआरटी केंद्रात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, अगदी ब्लाउजचं माप बदललं हेही सांगा. साखर आणि रक्तातली चरबी तपासायची का, ते विचारा. मनाने गोळी सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो, आणि तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होऊ शकते. लांब जायला जमत नसेल तर 1097 वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

आणि बाकीच्या बायांनो, कुणाचे गाल बघून "हिला तोच आजार" असं पाणवठ्यावर बोलू नका. क्षयाने, साखरेने, उपासमारीनेही गाल बसतात. विश्वासाने कळलेली एचआयव्हीची गोष्ट संमतीशिवाय फोडायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे.

पुढच्या तारखेला आमच्यातल्या दोघी ताईसोबत केंद्रात जाणार आहोत. लग्नाचा ब्लाउज तिने शिवायला टाकलाय, बाह्या कोपरापर्यंत.