घर गावात, मिळकत मुंबईत



कोकणाला एकेकाळी मनिऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत.

घरटी एखादा माणूस मुंबईत असे.
बहुतेकदा गिरणीत.

महिना भरला, की पोस्टमन पैसे घेऊन दारात येई.
त्यातूनच किराणा. त्यातूनच शाळेची फी.
पावसाआधी कौलंही त्यातूनच.

म्हणजे, घर गावात, आणि मिळकत मुंबईत.

मग १९८२ साली गिरणी संप झाला.
पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

धक्का मुंबईत लालबाग-परळला बसला.
तसाच तो कोकणात लांजा-राजापुरातल्या घरांनाही बसला.
वडिलांच्या जागी मुलगा गिरणीत लागायचा, ती वाटच बुजली.

दरम्यान गावाकडे, १९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग योजना आली.
पडीक जमिनीवर आंबा आणि काजू उभे राहिले.
१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.
तारकर्लीसारख्या गावांत पर्यटक घरोघरी उतरू लागले.

आता मिळकत गावातही होऊ लागली.

तरीही अनेक तरुण मुंबई-पुणंच धरतात.
मला त्यांचा दोष वाटत नाही.
बागेचा पैसा हंगामात येतो, तोही हवामानाच्या भरवशावर.
पगार दरमहा येतो.

मग बागा राखतं कोण?
रत्नागिरीच्या आंबा बागांत आज नेपाळचे कितीतरी कामगार दिसतात.
काही तर कुटुंबासह बागेतच राहतात.

गवत काढणं, फवारणी, राखण, सगळं तेच बघतात.

आणि पैसे गावी पाठवतात.
त्यांचंही घर गावात, नेपाळमध्ये.
मिळकत मात्र कोकणात.