दूरचा वैद्य आणि कनवटीचा विमा

मी चिंचवडचा राहणारा. तीस वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. आतां सेवानिवृत्त आहें. वैद्यकाचा किंवा कायद्याचा मी पंडित नव्हें. तथापि गेल्या महामारींत जें डोळ्यांनीं पाहिलें, तें आपणांपुढें मांडावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेग असतां सरकारी तपासणीचे लोक घराघरांत शिरत, आणि रोग्यास पकडून नेतील या भयानें लोक त्याला लपवून ठेवीत. त्या संतापांतून २२ जूनच्या रात्रीं काय घडलें, हें चापेकर बंधूंच्या गांवच्या माणसानें सांगावयास नको. त्याच वर्षीं झालेला साथरोगांचा कायदा १३ मार्च २०२० पासून महाराष्ट्रांत पुन्हा अंमलांत आणला गेला. परंतु या खेपेस एक नवी गोष्ट घडली. २५ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें डॉक्टरांनीं दुरून सल्ला कसा द्यावा याचे नियम प्रसिद्ध केले, व एप्रिलांत ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. मोबाइलवर डॉक्टर दिसूं लागले, बोलूं लागले, तेंहि विनामूल्य. पूर्वीं परीक्षक बळजबरीनें घरांत येई. आतां वैद्य बोलावल्यावर येऊं लागला.

मग रोगी लपून राहण्याचें कारण उरलें नाहीं, असें कोणासहि वाटेल. मलाहि वाटलें होतें.

एप्रिल २०२१ मधील गोष्ट. माझ्या शेजारच्या खोलींत चाकणच्या एका कारखान्यांत ठेक्यावर काम करणारा एक मराठवाड्याचा तरुण राहत असे. तीन दिवस ताप होता. सकाळीं दहाच्या सुमारास माझ्या नातीनें मोबाइलवर डॉक्टरांशीं गांठ घालून दिली. बोटास लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ आंकडा पाहतांच डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “आतां फोनवर औषध सांगण्याची ही वेळ नाहीं, यांना ताबडतोब रुग्णालयांत न्या.” सल्ला अगदीं बिनचूक होता. परंतु रोगी उठेना. म्हणाला, “मास्तर, मला इथंच राहूं द्या. बिल भरायला गांवाकडची जमीन विकावी लागंल.”

त्याच्या पत्नीनें पेटींतून पगाराची चिठ्ठी काढली. पगार १६,००० रुपये, ‘ई. एस. आय.’ या नांवापुढें १२० रुपये वजा. “ती कसली तरी कपात आहे,” तो म्हणाला. श्रोतेहो, ती त्याच्या आजारपणाची तरतूद होती! विम्याचा क्रमांकहि तेथेंच छापलेला होता. पहिल्या रुग्णालयाच्या दारीं अनामत रक्कम मागितली गेली. विम्याचा क्रमांक येथें चालत नाहीं, असें उत्तर मिळालें. शेवटीं सायंकाळीं सात वाजतां सरकारी रुग्णालयांत खाट मिळाली. बाराव्या दिवशीं तो आपल्या पायांनीं घरीं आला, ही ईश्वराची कृपा. पण ते नऊ तास मला अजून विसरत नाहींत. प्लेगांत लोक शिपायाला भीत होते. आमच्या काळांत ते बिलाला भ्याले.

हें भय घालविण्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झाला आहे. कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना प्राध्यापक बी. पी. आदरकर यांनीं १९४४ सालीं सरकारला सादर केली आणि १९४८ सालीं राज्य विम्याचा कायदा झाला. महामारीच्या काळीं दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराकडून शेंकडा पाऊण रुपया व मालकाकडून सव्वातीन रुपये घेतले जात. त्या बदल्यांत औषधोपचार तर होताच. शिवाय वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्यास आजारपणांत वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा शेंकडा ७० भाग मिळे. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी कायद्यानें मुख्य मालकावरच ठेविली होती. या विम्याचें रुग्णालय आमच्या चिंचवडांत, मोहननगरांत आहे.

ज्यांना हा विमा नव्हता त्यांच्यासाठीं २३ मे २०२० रोजीं महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना राज्यांतील सर्व रहिवाशांस खुली करण्यांत आली. त्या वेळीं एका कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण होतें. मात्र तें योजनेंत सामील झालेल्या रुग्णालयांत आणि ठरवून दिलेल्या उपचारांपुरतेंच मिळे. दारीं गेल्यावर ही अट कळणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

तेव्हां माझें सांगणें थोडकें आहे. दुरून मिळणारा सल्ला मोलाचा खरा. पण तो अंमलांत आणण्याचें धैर्य विम्यानें येतें, आणि विमा ठाऊक असेल तरच कामीं येतो. मीं मुलांना सरळव्याज शिकविलें, नफातोटा शिकविला. पगाराची चिठ्ठी वाचावयास मात्र शिकविलें नाहीं. ती माझी चूक आज कबूल करतों. ज्यांच्या घरीं कारखान्यांत जाणारें माणूस आहे, त्यांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर ती चिठ्ठी काढावी, विम्याचा क्रमांक घरांतील सर्वांस दिसेल असा भिंतीवर लिहावा, आणि कोणत्या रुग्णालयांत तो चालतो तें विचारून ठेवावें. नऊ तासांची किंमत मीं पाहिली आहे. ती आपणांवर येऊं नये.