रेवदंड्याचा निरोप घेताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मेळाव्याच्या निमित्ताने सुट्टी काढून आपल्या तुकडीतले काही जण दोन दिवस रेवदंड्याला राहिलो आणि काल संध्याकाळी अलिबाग-पेणमार्गे जित्याला आलो. निघताना जे मनात आलं, ते तुमच्यापुढे मांडतो.

रेवदंडा-चौल हे फार जुनं बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथे उतरला होता. पुढे पोर्तुगीज आले. त्यांनी तट बांधला, चर्च उभारली, दोनशे वर्षं अंमल केला. १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले कधीच ढासळले.

पण आपल्या रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे पलीकडे कोर्लई आहे. तिथली ख्रिस्ती कुटुंबं अजूनही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. बोलणारी माणसं सुमारे हजार. तरी ती टिकली, कारण आयांनी मुलांना जेवू घालताना ती सोडली नाही.

मित्रांनो, मग आपल्या आगरी बोलीचं काय? शाळेत आपण प्रमाण मराठी शिकलो, ते हवंच होतं. त्याच्या जोरावर पनवेल, मुंबई, कुणी परदेशात उभे राहिलो. पण आज कित्येक घरांत आजी आगरीत विचारते आणि नातू दुसऱ्याच भाषेत उत्तर देतो. आपली बोली कुणी हिरावलेली नाही. घरात बोलायची थांबली, एवढंच.

म्हणून एक विनंती. शाळेला देणगी देऊ, वर्गखोल्या रंगवू, ते करूच. पण यंदा प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांची एक गोष्ट, एक लग्नाचं गाणं, शेता-खाडीचे दहा शब्द लिहून आणावेत. मोबाईलवर आवाज भरून घेतला तरी चालेल. मुख्य म्हणजे मुलांशी दिवसातून चार वाक्यं तरी आपल्या बोलीत बोला.

निरोप घेताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. आपले आयस-बापूस म्हणायचे तेच म्हणून थांबतो: येताव!