पावती खरी, पण निर्णय कोणाचा?



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपलं पुण्यात मनापासून स्वागत करतो. मला प्रोग्रॅमची एक ओळ लिहिता येत नाही. सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासण्यात हयात गेली. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना निधी देणाऱ्या संस्थांचा कारभार हा या वेळचा विषय, म्हणूनच संयोजकांनी मला या खुर्चीवर बसवलं असावं. तेव्हा स्वागताबरोबर थोडी तपासणीही होणार, सहन करा.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीला आला. तो होता ओपनएसएसएलमध्ये. असंख्य सर्व्हरांवरची देवाणघेवाण गुप्त राहते ती याच सॉफ्टवेअरच्या भरवशावर. या कामासाठी वर्षाकाठी देणग्या येत होत्या सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच. आपल्याला हे कळलं, कारण ओपनएसएसएलच्या फाउंडेशनचं काम पाहणाऱ्या स्टीव्ह मार्क्वेस यांनी आकडे जाहीरपणे मांडले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्या एकत्र आणल्या. एकेकीने वर्षाला १ लाख डॉलर, तेही ३ वर्षं, देण्याचं कबूल केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ उघडल्यावर लाख आले.

पुढे हिशेब उघडा ठेवायची रीतच पडली. ओपन कलेक्टिव्ह या संकेतस्थळावर प्रकल्पाला आलेला पैसा आणि गेलेला पैसा कुणालाही पाहता येतो. आमच्या पिढीने असा उघडा जमाखर्च स्वप्नातही पाहिला नव्हता. पण मी जुना तपासनीस, माझं एवढ्याने समाधान होत नाही. गणपतीच्या मांडवात वर्गणीदारांचा फलक ठळक अक्षरांत लागतो. ढोलपथकाला किती द्यायचे हे कोणी ठरवलं, त्याचा फलक माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रायोजकांची बोधचिन्हं ओळीने मांडणाऱ्या संस्थांचं पुष्कळदा असंच असतं.

याचंच एक उदाहरण. अमेरिकेतल्या ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ च्या फेब्रुवारीत संस्था बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिच्या छत्राखालच्या शेकडो गटांना वर्षअखेरपर्यंत दुसरं घर शोधावं लागलं. (मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणारी ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही वेगळी संस्था, ती चालूच आहे.) त्या गटांचा खर्च सगळ्यांना दिसत होता. संस्था चालू ठेवायची की मिटवायची, हा निर्णय मात्र संचालक मंडळाचा होता.

खरी अडचण मला इथेच दिसते. एखादं कंप्रेशनचं किंवा सांकेतिकीकरणाचं सॉफ्टवेअर किती मोलाचं, हे ज्यांना कळतं ती माणसं जगात मोजकी. मंडळावर तीच, अर्ज छाननारी तीच, आणि अर्जदार त्यांचे मित्र किंवा कालचे सहकारी. यात लबाडी असतेच असं नाही; वर्तुळच लहान. माझ्या सहीने एवढंच सिद्ध होतं की पावती खरी आहे. पैसा योग्य माणसाला मिळाला का, हे ताळेबंदात सापडत नाही. ते इतिवृत्तात सापडतं: आपल्या ओळखीच्याचा अर्ज आला तेव्हा कोण उठून बाहेर गेलं, कोणाला नकार मिळाला, कशासाठी मिळाला. नकारांची कारणं छापणाऱ्या संस्थेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. म्हणजे, जवळजवळ मिटून.

अमेरिकेत बहुतेक करमुक्त संस्थांना ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. वरिष्ठांचे पगार त्यात असतात. हितसंबंधांबाबत लेखी धोरण आहे का, हाही प्रश्न त्यात आहे. असं धोरण करसवलतीसाठी सक्तीचं नाही, पण नसेल तर ‘नाही’ असं सगळ्या जगासमोर लिहून द्यावं लागतं. ही युक्ती मला फार आवडते.

आपल्याकडे महाराष्ट्रात न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या कंपन्यांचे कंपनी निबंधकांकडे. परदेशी देणगी घेतली की वेगळा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. आता डेव्हलपरचं मानधन हा प्रशासकीय खर्च, की संस्थेचं मूळ काम? दुपारच्या सत्रात यावर वाद व्हावा अशी माझी इच्छा आहे. बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. तिथे मागणाऱ्या प्रकल्पालाही आपली गरज एका ठरावीक नमुन्याच्या फाइलमध्ये उघडपणे मांडावी लागते. म्हणजे पारदर्शकता दोन्ही बाजूंनी. त्यावरही बोला.

शेवटी आमचं. या परिषदेचा जमाखर्च नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे, जरूर चाळा. जेवणाचं काम माझ्या मेव्हण्याला मिळालं आहे. दरपत्रकं तीन आली होती, त्याचं सर्वांत कमी होतं. ठराव झाला तेव्हा मी बैठकीबाहेर होतो आणि तशी नोंद इतिवृत्तात आहे. त्यामुळे आमटी बिघडली तर तक्रार माझ्याकडे आणू नका, उरलेल्या समितीकडे न्या. जेवण एक वाजता आहे.