बॅटरीचे चार्जिंग उलटे झाले तर...



मी कृषिविद्या शिकवतो. तण, खते, पेरणीचे अंतर हे माझे विषय, बॅटरी नव्हे. तरीही आज बॅटरीवर बोलणार आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर करा, असे आम्ही वाशीम जिल्ह्यात सांगत असतो. पण नेमक्या वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर चालूच झाला नाही, तर आमची शिफारस कागदावरच राहते.

आमच्या घरी हेच घडले. उन्हाळाभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी पार उतरली होती. चार्जरच्या तारा पूर्वी मीच बदलल्या होत्या, दोन्ही काळ्या. रात्री अंधारात चिमटे उलटे लागले. सकाळी बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि अल्टरनेटरचे डायोड गेले. पेरणी शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने केली, तीही त्यांची आटोपल्यावर.

तुम्ही म्हणाल, बॅटरी उलटी भरतेच कशी? बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. भरलेल्या बॅटरीत धन पट्टीवर तपकिरी लेड डायऑक्साइड आणि ऋण पट्टीवर करडे, सच्छिद्र शिसे असते. बॅटरी उतरते तेव्हा दोन्हींवर लेड सल्फेट तयार होते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला धन-ऋणाची ओळख जवळजवळ उरत नाही. प्रवाह ज्या बाजूने द्याल तशी ती भरते. बॅटरीत चार्ज शिल्लक असेल तर मात्र चिमटे उलटे लागताच प्रचंड प्रवाह वाहतो, तारा तापतात, फ्यूज उडतो. म्हणजे थोडी चार्ज असलेली बॅटरी लगेच ओरडते, पार मेलेली मुकाट्याने फसवते.

शंका आली तर मीटर लावा. लाल तार धन टोकाला लावूनही आकड्यापुढे उणे चिन्ह आले, तर बॅटरी उलटी भरली आहे. मीटर नसेल तर चिरलेल्या बटाट्यात बॅटरीच्या दोन तांब्याच्या तारा थोड्या अंतरावर खोचा. जिच्याभोवती हिरवट डाग पडेल ती धन. टोके ओळखताना रंगावर जाऊ नका, रंग उडतो. गोल टोकांच्या बॅटरीत जाड टोक धन असते, बारीक ऋण.

उलटी भरलेली बॅटरी ट्रॅक्टरला मुळीच जोडू नका. 'सेल्फ फिरतो का ते तर पाहू,' असे कोणी म्हणेल. काही जुन्या सेल्फच्या मोटारी उलट्या बॅटरीवरही त्याच दिशेने फिरतात, आणि माणूस फसतो. तेवढ्यात डायोड जळालेले असतात.

उपाय आहे, पण धीराचा. बॅटरी खाली उतरवून तिला हेडलाइटचा बल्ब जोडा व तो पूर्ण विझेपर्यंत ठेवा. मग चिमटे बरोबर लावून सावकाश चार्ज करा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला आठ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह नको, कमी असेल तर उत्तमच. बॅटरी गरम होऊ लागली तर थांबा. चार्जिंग झाल्यावर प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहा, ती १.२८० च्या आसपास हवी. एखादा कप्पा मागेच राहिला तर त्या बॅटरीवर आणखी पैसा घालवू नका. सुधारलेल्या बॅटरीचेही आयुष्य कमी झालेले असते. माझी एक हंगाम चालली.

हे काम उघड्यावर करा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. विडी दूर ठेवा. चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद असू द्या. डोळ्यात आम्ल उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा.

फवारणी पंपाची छोटी बॅटरी मात्र ट्रॅक्टरच्या चार्जरला लावू नका. ती तिच्याच चार्जरवर भरावी, आणि नवी बसवताना जुनीच्या तारा कुठे होत्या ते सोडण्यापूर्वी पाहून ठेवावे.

माझ्या चार्जरच्या एका तारेला आता लाल चिंधी बांधली आहे. चिंधी सौभाग्यवतींच्या जुन्या लुगड्याची आहे, आणि ती बांधलीही त्यांनीच.